खळखळाट : 'कंदिसा' या अल्बमचे शब्द ऐकताना

सर्वप्रथम एक कबुली. मी दहिसरची, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा "ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघायचं" या एकाच अटीवर मी हो म्हटलं. तेव्हा जे बरं वाटेल ते माझं, आणि चुकलेल्या वेलांट्या संपादकांच्या!

विषय आहे एका रॉक बँडचा अल्बम. रॉक म्हटलं की स्टाफरूममध्ये कपाळाला आठ्या पडतात आणि हॉस्टेलमध्ये भिंतीवर पलीकडून थापा पडतात. "त्या दणदणाटात शब्द कोण ऐकतंय?" असं पुष्कळांचं मत. खरं सांगायचं तर परवापरवापर्यंत माझंही होतं. गेल्या सेमिस्टरला एका अल्बमने ते बदललं. तो कसा ऐकला आणि त्यातून काय हाती लागलं, ते प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं क्रमाने लिहिते. तुम्हीही करून बघा, साहित्य फारसं लागत नाही. एक मोबाइल, एक इअरफोन आणि मेसच्या जेवणानंतरचा रिकामा पाऊण तास.

अल्बमची ओळख

बँडचं नाव इंडियन ओशन. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झाला. 'कंदिसा' आला २००० मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. "मग नवीन काय त्यात?" असं विचाराल. जो अल्बम आपण पहिल्यांदा ऐकतो तो आपल्यासाठी नवीनच असतो! या बँडचा 'तू है' हा अल्बम २०२३ मध्ये आला. तोही ऐका, पण सुरुवात 'कंदिसा'पासून करा.

तेव्हा बँडमध्ये चौघं होते. गिटारवर सुष्मित सेन, तबला आणि गाणं अशीम चक्रवर्ती, बास गिटार आणि गाणं राहुल राम, ड्रम्सवर अमित किलम. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ड्रम्स, आणि दोघांचं भांडण नाही. अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले, पुढे २०१३ मध्ये सुष्मित सेन बाहेर पडले. बँड मात्र चालू आहे. जयदीप वर्मा यांनी २०१० मध्ये या चौघांवर 'लीव्हिंग होम' नावाचा माहितीपट काढला, तोही जमल्यास बघा.

अल्बममध्ये सात गाणी आहेत. आता प्रयोगाकडे वळू.

पहिली फेरी : अर्थ न कळता ऐकणे

सुरुवात ज्या गाण्यावरून अल्बमला नाव पडलं त्या 'कंदिसा'ने करा. याचे शब्द आहेत अरामी भाषेतले. केरळच्या सीरियन ख्रिश्चन चर्चमध्ये गातात ती ही प्राचीन प्रार्थना. कंदिसा म्हणजे पवित्र. बँडमधल्या कुणाचीच ही मातृभाषा नाही, आणि आपल्या हॉस्टेलमध्येही कुणाची असेल असं वाटत नाही.

मला मात्र हे गाणं ऐकताना परकं वाटलं नाही. कारण न समजता मनापासून म्हणणे या विषयात माझी डबल डिग्री आहे. सकाळी शाळेच्या असेंब्लीत इंग्लिश हिम्स, आणि भाद्रपदात घरी गणपतीपुढे अथर्वशीर्ष. दोन्हींचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. पण "उच्चार नीट कर गं" हे शाळेत सिस्टरही म्हणायच्या आणि घरी आजीही!

पहिल्या फेरीचा धडा एवढाच, की शब्दाला अर्थाच्या आधी आवाज असतो. तो नीट ऐकला नाही तर पुढचं सगळं फुकट. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

दुसरी फेरी : कोण कुणाला बोलतंय?

आता शब्द कागदावर उतरवून घ्या. हाताने. आणि प्रत्येक गाण्याला दोन प्रश्न विचारा. हे कोण म्हणतंय? आणि कुणाला?

'हिल्ले ले' घ्या. ऐकताना वाटतं, नाचायचं गाणं आहे, आणि गॅदरिंगला त्यावर नाचतातही. पण शब्दांच्या मागे आहेत भोजपुरी-हिंदी कवी गोरख पांडे. बोलणारी आहे सामान्य जनता, आणि ती सांगतेय की आम्ही निघालो की जग हलणार. 'कौन' आणि 'क्या मालूम' या दोन गाण्यांची तर नावंच प्रश्नांची आहेत. रॉक म्हणजे ओरडून उत्तरं देणं असा माझा समज होता. इथे दोन गाण्यांच्या पाटीवरच लिहिलंय की आम्हाला माहीत नाही.

आणि 'लीव्हिंग होम' मध्ये शब्दच नाहीत. नुसती वाद्यं. घर सोडताना काय बोलायचं ते कुणाला सुचतं? आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षी बॅग घेऊन हॉस्टेलच्या दारात ते अनुभवलंय. फक्त आपल्याला परत जायला घर होतं. असं का म्हणते, ते पुढे येईल.

तिसरी फेरी : 'मा रेवा'

या लेखाचं खरं कारण हे गाणं.

झालं असं. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी विषय घेतला सरदार सरोवर धरण. सिव्हिलवाल्यांना याहून भारी विषय कुठला? पायाभरणी १९६१ ची, पंडित नेहरूंच्या हस्ते. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. पूर्ण उंची १३८.६८ मीटर. वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॉट, आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. सौराष्ट्र आणि कच्छच्या तहानलेल्या भागाला पाणी. लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७. चौदा स्लाइड तयार केल्या. त्यातल्या अकराव्या स्लाइडवर एक ओळ होती : बुडीत क्षेत्र सुमारे ३७ हजार हेक्टर.

रात्री रूमवर प्रॅक्टिस करत होते. माझी रूममेट नंदुरबार जिल्ह्यातली, तळोदा तालुक्यातली. ती पलंगावर आडवी पडून ऐकत होती. अकरावी स्लाइड संपली तशी म्हणाली, "त्या ३७ हजार हेक्टरमध्ये माणसंपण होती, माहितीये ना तुला? आमच्या गावाजवळ त्यांची वसाहत आहे."

मला माहीत होतं. म्हणजे आकड्यात माहीत होतं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मिळून महाराष्ट्राची ३३ गावं बाधित. अक्कलकुव्यातलं मणिबेली हे आपल्या बाजूने पाण्याखाली जाणारं पहिलं गाव, १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरं बुडाली. हे सगळं माझ्या फाईलमध्ये होतं, पण स्लाइडवर घेतलं नव्हतं. कारण वेळ दहा मिनिटांचा.

रूममेटने काही भाषण दिलं नाही. तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि 'मा रेवा' लावलं.

रेवा म्हणजे नर्मदा. हे तिच्या काठचं लोकगीत. बँडच्या राहुल रामला ते त्या खोऱ्यातच मिळालं. हा गृहस्थ आपल्यासारखाच परीक्षा देत आलेला. आयआयटी कानपूरमधून केमिस्ट्रीत एमएस्सी, नंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी. आणि तिथून परत येऊन १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत नर्मदा बचाओ आंदोलनात काम. तेव्हा 'मा रेवा' म्हणजे धरणाविरुद्धचं जळजळीत गाणं असणार असं मी धरून चालले होते.

शब्द कागदावर उतरवले आणि बुचकळ्यात पडले. धरणाचं नाव नाही. सरकारचं नाही. विस्थापन, अन्याय, लढा, यातलं काहीच नाही. गाणं सांगतं काय? आई रेवा, तुझं पाणी निर्मळ आहे आणि ते खळखळत वाहतंय. तू अमरकंटकहून निघालीस. लोक तुझी सेवा करतात आणि त्यांना त्याचं फळ मिळतं. बस्स.

आता दुसऱ्या फेरीचे प्रश्न विचारू. कोण म्हणतंय? काठावरचा माणूस. कुणाला? नदीला. थेट, एकेरीत, आईला म्हणतात तसं. आपल्याला तो काहीच सांगत नाहीये, आपण फक्त बाजूला उभं राहून ऐकतोय. म्हणूनच हे गाणं जास्त लागतं, असं मला वाटतं. घोषणा असती तर मी लगेच वाद घातला असता. माझ्याकडे १४५० मेगावॉटचा आकडा तयार होता. पण "आई, तुझं पाणी निर्मळ आहे" याला काय उत्तर देणार?

आणि योगायोग बघा. ज्या २००० साली हा अल्बम आला, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. वाहण्याचं गाणं आणि अडवण्याची परवानगी, दोन्ही एकाच वर्षातली. आज त्या जागी सुमारे २१४ किलोमीटर लांब जलाशय आहे. गाण्यातलं 'वाहतंय' हे क्रियापद तिथे आता बसत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मी ज्या पंख्याखाली बसून हा लेख लिहितेय, तो कदाचित त्याच पाण्यावर फिरत असेल. कच्छमध्ये नळाला पाणी येतं तेव्हा तिथल्या घरातल्या बाईचा दिवस बदलतो, हेही तितकंच खरं. धरण वाईट आणि गाणं चांगलं, इतकं सोपं असतं तर सेमिनार दोन मिनिटांत संपला असता.

एक शब्द आणि एक सूत्र

आता जरा अभ्यासाचं बोलू, म्हणजे सरांनाही बरं वाटेल.

त्या रात्री मला 'खळखळ' हा शब्द सोडेना. मराठीत आपण त्याला फार बदनाम केलंय. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणतो आपण. जास्त बोलणाऱ्या मुलींना हे ऐकावं लागतंच, मी तर रोज ऐकते! पण नदीच्या बाबतीत ही म्हण तपासून पाहिली पाहिजे.

खळखळ कशाने होते? पाणी दगडगोट्यांना अडखळतं म्हणून. या अडखळण्याला आपण हायड्रॉलिक्समध्ये आकडा दिलाय. मॅनिंगचा एन! रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनिअरने १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आपण सगळ्यांनी घोकलंय. पात्राचा आकार आणि उतार तोच ठेवला तर पाण्याचा वेग या एनच्या व्यस्त प्रमाणात. गुळगुळीत काँक्रीटला एन ०.०१३ च्या आसपास, तर गोट्या-धोंड्यांच्या ओढ्याला ०.०४ च्या आसपास. म्हणजे तेच पाणी काँक्रीटमधून साधारण तिप्पट वेगाने पळेल.

आता चौथ्या युनिटमधून पाचव्यात या. पाणी दगडांवर आपटतं, फुटतं, तेव्हा हवा आत घेतं. त्यातला विरघळलेला प्राणवायू वाढतो. घाण खाणाऱ्या जिवाणूंना हाच प्राणवायू लागतो. म्हणजे खळखळणारी नदी स्वतःला धुत असते. याला पुस्तकात रीएरेशन म्हटलंय. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासावरून याचं समीकरण मांडलं, आणि त्यावर दरवर्षी आठ मार्कांचा प्रश्न हमखास येतो.

पुन्हा गाण्याकडे जाऊ. काठावरच्या त्या माणसाने पाणी निर्मळ आहे असं म्हटलं, आणि त्याच दमात ते खळखळत वाहतंय असं म्हटलं. मला आधी वाटलं होतं, लय जुळवायला घातलेले शब्द आहेत. पण तसं नाहीये हो! पहिल्या गोष्टीचं कारण दुसऱ्या गोष्टीत आहे. ज्यांनी हे गाणं रचलं त्यांनी स्ट्रीटर-फेल्प्स वाचलेलं नव्हतं. ते रोज नदीवर जात होते, इतकंच.

आमची नदी

शनिवारी घरी गेले. दहिसर हे नुसतं स्टेशनचं नाव नाही, ते नदीचंही नाव आहे, हे दहिसरकरांनाही सांगावं लागतं. राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात ती उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानातली नदी आणि वस्तीतली नदी यांना एकाच आडनावाच्या दोन बहिणी म्हणायलाही धीर होत नाही. आमच्या घराजवळ तिला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती आहेत आणि येणारेजाणारे तिला नाला म्हणतात. लहानपणी मीही म्हणायचे.

जेवताना मी 'मा रेवा'चं सगळं पुराण सांगितलं आणि शेवटी जरा आवेशात येऊन म्हटलं, की या भिंती चुकीच्या आहेत. बाबा शांतपणे म्हणाले, "गाणी म्हणून पाणी उतरत नाही, बाळा."

त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या चाळीत छातीइतकं पाणी होतं. मी तेव्हा दोन महिन्यांची. बाबांनी मला भाजीच्या टोपलीत घालून डोक्यावर धरलं आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पोचवलं. वसुदेवाची गोष्ट आमच्या घरी कुणी पुस्तकातून वाचत नाही! त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, आणि मुंबईच्या नद्यांची पात्रं रुंद करणं, भिंती बांधणं या कामांना जोर आला. पावसाचं पाणी लवकरात लवकर खाडीत जावं, म्हणजेच एन कमी व्हावा, हा त्यामागचा हिशोब. तो हिशोब माझ्यासारख्या टोपलीतल्या पोरांसाठीच केलेला होता.

मग मी आजीकडे वळले. ती लग्न होऊन दहिसर गावठाणात आली तेव्हा नदीवर कपडे धुवायला जायची. मी विचारलं, "आजी, आपल्या नदीचं काही गाणं होतं का गं? तुम्ही बायका म्हणत असाल ना कपडे धुताना?"

आजीने आठवून बघितलं. मग म्हणाली, "गाणं कसलं गं! धोंड्यांवरून पाणी असं वाजायचं, की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे. गायलो असतो तर ऐकू कुणाला आलं असतं?"

मी गप्प झाले. बाबाही. घराच्या खिडकीतून नदी दहा पावलांवर आहे. खिडकी उघडी होती आणि रिक्षांचे हॉर्न सोडून काही ऐकू येत नव्हतं.

दोन गाण्यांची तुलना

आमच्या नदीचं गाणं अगदी नाहीच असं नाही. २०१८ मध्ये 'मुंबई रिव्हर अँथम' आलं, सोनू निगम आणि अमृता फडणवीस यांनी गायलेलं. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चार नद्यांसाठी. हेतू चांगला, आणि त्या निमित्ताने पुष्कळांना कळलं की मुंबईला नद्या आहेत. पण आपल्या दुसऱ्या फेरीचे प्रश्न लावा. ते गाणं आपल्याशी बोलतं, नदीसाठी काहीतरी करा म्हणतं. 'मा रेवा' नदीशी बोलतं. पहिलं गाणं नदी हरवल्यावर लिहावं लागतं. दुसरं ती असताना आपोआप येतं. कदाचित आजीच्या वेळेला गाण्याची गरजच नव्हती, आणि आमच्या वेळेला ते म्हणायला समोर पाणी नाही.

निष्कर्ष

जर्नलला निष्कर्ष लागतोच. माझा असा : चांगल्या गाण्याचा शब्द हा एखाद्या चांगल्या रीडिंगसारखा असतो. कुणीतरी जागेवर उभं राहून घेतलेला. 'खळखळ' हे काठावरच्या माणसाने कानाने घेतलेलं रीडिंग आहे, आणि आपल्या चौदा स्लाइडमध्ये ते कुठेच नव्हतं. भिंत बांधायची की नाही, धरण बांधायचं की नाही, हे गाणं ठरवणार नाही. ते आपल्यालाच ठरवायचंय, आपलं शिक्षण त्यासाठीच चाललंय. पण एन कमी करताना आपण नेमकं काय बंद करतोय, ते निदान कानाला माहीत असावं. धोंडे तसेच ठेवूनही पूर आटोक्यात ठेवता येईल असं पात्र कसं आखायचं, हा माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय मी ठरवलाय. नदी अर्थातच दहिसरची. जमेल की नाही, क्या मालूम!

सेमिनारला मी अकरावी स्लाइड बदलली. तिच्यावर ३३ हा आकडा आणि मणिबेलीचं नाव घातलं, आणि तिथे थांबून अर्धा मिनिट 'मा रेवा' वाजवलं. सर म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "राहू दे. वेळ मात्र तुझ्या दहा मिनिटांतूनच जाईल." माझ्या शेवटच्या दोन स्लाइड राहिल्या. त्यात काय होतं, ते आता मला आठवतही नाही.

तर मंडळी, तुम्हाला गृहपाठ. या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा : आपल्या गावच्या नदीचा आवाज कसा होता? गाणं मिळालं तर उत्तमच, नाही तर नुसता आवाज लिहून आणा. पुढच्या अंकात छापू. ऱ्हस्व-दीर्घ संपादक बघतील.